घरावरील कर्ज बदलावे काय?



बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे. त्या काळी येथील पेठेत दोन तऱ्हेचे रुपये चालत. एक संस्थानचा हाली सिक्का आणि दुसरा इंग्रज सरकारचा कलदार. सात हाली रुपये म्हणजे साधारणतः सहा कलदार, असा त्यांचा परस्पर भाव होता. शेजारचा अहमदनगर जिल्हा इंग्रजी अमलाखाली असल्यामुळे तिकडच्या आडतीशी देवघेव करणाऱ्या बीडच्या व्यापाऱ्याला नुसते "शंभर रुपये" एवढे ऐकून काहीच बोध होत नसे. ते शंभर हाली की कलदार, आणि पालटताना बट्टा किती जाईल, हे समजल्याखेरीज वहीवर आकडा चढत नसे.

आज चलन एकच आहे. तथापि गृहकर्जाच्या निमित्ताने हाच प्रश्न वेगळ्या वेषात घरोघरी येऊन उभा राहतो. एखाद्या बँकेचा वा गृहवित्त कंपनीचा प्रतिनिधी दुकानात येतो, गादीवर टेकतो, चहा घेतो आणि म्हणतो, "शेठजी, घराचे कर्ज आमच्याकडे आणा. व्याज एक टक्का कमी लागेल आणि हप्ता साडेतीन हजारांनी उतरवून देऊ." त्याच्या बोलण्यात खोटे काहीच नसते. एक टक्काही खरा असतो आणि साडेतीन हजारही खरे असतात. तरीसुद्धा एवढ्या दोन गोष्टींवर विसंबून सही करणारा गृहस्थ चार लाख रुपयांनी बुडू शकतो. ते कसे, आणि त्याच एक टक्क्यातून चार लाख रुपये वाचवणारा दुसरा गृहस्थ काय निराळे करतो, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. व्यापारासाठी काढलेले कर्ज आणि राहत्या घरावरील कर्ज यांची जात एक नाही. व्यापारातील कर्ज मालाबरोबर फिरते, हंगाम साधला की फिटते. घरावरचे कर्ज पंधरा-वीस वर्षे संसारात मुक्काम करते. मुलांची शिक्षणे, लग्नकार्ये, आईवडिलांची आजारपणे, सारे काही त्याच्या सोबतीने पार पाडावे लागते. आणि गहाण पडलेली वस्तू म्हणजे ज्या छपराखाली कुटुंब झोपते तेच छप्पर असते. म्हणून या कर्जाच्या व्यवहारात थोडा वेळ अधिक खर्च झाला तरी तो वाया जात नाही.

दरांत फरक कोठून येतो?

एकाच गल्लीतील दोन शेजारी, दोघांचे कर्ज एकाच बँकेचे, दोघांची घरे सारखी, आणि तरीही एकाचा दर दुसऱ्याहून दीड टक्का अधिक, असे चित्र पुष्कळ ठिकाणी दिसते. त्याचे कारण कर्ज कोणत्या साली घेतले यात दडलेले असते. जुलै २०१० पूर्वीची कर्जे बँकांच्या 'पीएलआर'शी जोडलेली होती. १ जुलै २०१० पासून बेस रेट आला, १ एप्रिल २०१६ पासून 'एमसीएलआर' आला, आणि १ ऑक्टोबर २०१९ पासून वाणिज्य बँकांनी बदलत्या दराची नवी गृहकर्जे बाह्य निर्देशांकाशी जोडावीत असा दंडक रिझर्व्ह बँकेने घातला. बहुतेक बँकांनी त्यासाठी रेपो दर निवडला. अशा कर्जाचा दर तीन महिन्यांतून निदान एकदा रेपोप्रमाणे हलवावाच लागतो. ग्रामीण बँका, सहकारी बँका आणि गृहवित्त कंपन्या यांना मात्र २०१९ चा हा दंडक लागू नव्हता. परिणामी दर चढताना सर्वांचा चढतो आणि उतरताना काहींचाच लवकर उतरतो, ही जी तक्रार ऐकू येते ती सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही.

रेपो दराचा अलीकडचा प्रवासही पाहावा. मे २०२० मध्ये तो ४ टक्के होता. मे २०२२ पासून चढत चढत फेब्रुवारी २०२३ मध्ये तो ६.५ टक्क्यांवर गेला. फेब्रुवारी २०२५ पासून तो उतरू लागला आणि डिसेंबर २०२५ मध्ये ५.२५ टक्क्यांवर आला. या चढउताराचा घरात काय अर्थ होतो? एखाद्याने २०२१ साली ७ टक्क्यांनी २० वर्षांसाठी २५ लाख रुपये घेतले असे धरू. त्याचा मासिक हप्ता १९,३८२ रुपये. पुढे रेपोबरोबर दर अडीच टक्क्यांनी वाढून साडेनऊ झाला. साडेनऊ टक्क्यांनी २५ लाखांचे एका महिन्याचे व्याजच १९,७९२ रुपये होते! मधल्या काळात थोडेफार मुद्दल फिटलेले असल्यामुळे प्रत्यक्षात हप्ता व्याजापुरता कसाबसा पुरे, एवढेच. मुद्दल जागचे हलेना.

अशा वेळी बऱ्याच बँकांनी हप्ता न वाढवता मुदत वाढवली. कर्जदाराच्या खात्यातून पूर्वीइतकीच रक्कम जात राहिली, म्हणून त्याला काही जाणवले नाही. परंतु पंचावन्नाव्या वर्षी फिटणारे कर्ज साठी ओलांडून गेले. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ रोजी परिपत्रक काढून सांगितले की, दर बदलताना हप्ता वाढवावा, मुदत वाढवावी की दोन्ही थोडे थोडे करावे, हे निवडण्याची संधी कर्जदाराला दिली पाहिजे. आणि तिमाही विवरणात आजवर भरलेले मुद्दल व व्याज, हप्त्याची रक्कम, शिल्लक हप्ते व वार्षिक दर हे सारे कळवले पाहिजे. हे विवरण पुष्कळ घरांत न उघडताच बाजूला पडते. कर्ज बदलण्याचा विचार मनात येण्यापूर्वी ते काढून वाचावे. त्यात "शिल्लक हप्ते" हा एकच आकडा पाहून कित्येकांना धक्का बसेल.

एक टक्क्याची दोन रूपे

आता मूळ हिशेबाकडे वळू. समजा, बीड शहरात कापडाचे दुकान असलेला पंचेचाळीस वर्षांचा एक गृहस्थ आहे. घराच्या कर्जापैकी २० लाख रुपये शिल्लक आहेत, १५ वर्षे म्हणजे १८० हप्ते राहिले आहेत आणि दर साडेनऊ टक्के आहे. त्याचा हप्ता २०,८८४ रुपये बसतो. या महिन्याच्या हप्त्यापैकी १५,८३३ रुपये व्याजात जातात आणि अवघे ५,०५१ मुद्दलात जमा होतात. जुन्या वहीखात्यात मिती धरून व्याज काढणाऱ्या मुनिमाला हे गणित अवघड वाटले नसते. शिल्लक मोठी तोवर व्याज मोठे, शिल्लक घटली की व्याज घटले. हप्ता तेवढाच दिसतो, पण त्याच्या पोटातील वाटणी दरमहा बदलते.

या गृहस्थाला साडेआठ टक्के दराचा प्रस्ताव आला. येथून तीन वाटा फुटतात.

पहिली वाट अशी की, मुदत आहे तेवढीच, १५ वर्षेच ठेवावी. हप्ता १९,६९५ होतो. दरमहा १,१९० रुपये वाचतात आणि पंधरा वर्षांत मिळून सुमारे २ लाख १४ हजार.

दुसऱ्या वाटेने दर कमी करून घ्यावा, परंतु हप्ता पूर्वीचाच, २०,८८४ भरत राहावा. मग कर्ज १८० ऐवजी १६१ हप्त्यांत फिटते. १९ महिने आधी घर मोकळे होते आणि एकूण सुमारे ४ लाख ३ हजार रुपये वाचतात.

तिसरी वाट प्रतिनिधी सुचवतो. नवी बँक, नवे कर्ज, म्हणून नवी मुदत २० वर्षे. हप्ता १७,३५६ वर येतो. दरमहा ३,५२८ रुपये हातात राहतात, हेच ते साडेतीन हजार! पण २४० हप्त्यांची बेरीज ४१ लाख ६५ हजार होते. कर्ज मुळीच बदलले नसते, जुन्याच साडेनऊ टक्क्यांनी फेडले असते, तर बेरीज ३७ लाख ५९ हजार झाली असती. म्हणजे दर एक टक्क्याने उतरला आणि गृहस्थाने ४ लाख ६ हजार रुपये अधिक भरले. शिवाय साठाव्या वर्षी मोकळे होणारे घर पासष्टाव्या वर्षापर्यंत गहाण राहिले.

दर तोच, बँक तीच, घर तेच. एका वाटेने चार लाख घरात येतात, दुसरीने तेवढेच बाहेर जातात. कर्ज बदलण्याच्या संपूर्ण विषयात याहून महत्त्वाचे दुसरे काही नाही. दर किती कमी होतो हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. हप्ते किती होतात हे विचारणारा विरळा. वास्तविक दुसराच प्रश्न आधी विचारावयास हवा.

दरमहा हातात उरणाऱ्या साडेतीन हजारांचा कोणी नियमाने उत्तम विनियोग करील, तर त्याचे गणित वेगळे होऊ शकते, हे मान्य केले पाहिजे. परंतु ते साडेतीन हजार किराण्यात, मोबाइलच्या हप्त्यात आणि आहेर-माहेरात कधी विरून जातात, हे घर चालवणाऱ्या भगिनींना अधिक चांगले ठाऊक आहे.

पालटण्याचा बट्टा

आता बट्ट्याचा विचार. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घेण्यास रिझर्व्ह बँकेने जून २०१२ मध्ये बँकांना मनाई केली, आणि त्यामुळे जुन्या बँकेतून बाहेर पडणे पुष्कळ स्वस्त झाले. स्थिर दराने घेतलेल्या कर्जाची गोष्ट निराळी; तेथे करारातील कलम आधी वाचावे.

बाहेर पडणे स्वस्त झाले तरी नव्या दारातून आत जाण्याला खर्च आहेच. नवी बँक प्रोसेसिंग फी घेते व तिच्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. वकिलाचा सर्च रिपोर्ट आणि घराचे मूल्यांकन यांची फी निराळी. मूळ खरेदीखत बँकेच्या स्वाधीन करून होणाऱ्या गहाणावर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क द्यावे लागते आणि त्या गहाणाची सूचना ३० दिवसांच्या आत दुय्यम निबंधकाकडे दाखल करावी लागते. पहिल्या कर्जाच्या वेळी हे शुल्क भरले होते, म्हणून आता माफ होईल, असे घडत नाही. बँक नवी, गहाण नवे, शुल्कही नवे.

वरील गृहस्थाला फी अर्धा टक्का पडली असे धरले तर जीएसटीसह ११,८०० रुपये झाले. वकील, मूल्यांकन, मुद्रांक व किरकोळ मिळून आणखी १३ हजार धरू. एकंदर बट्टा सुमारे २५ हजार. पहिल्या वाटेने दरमहा १,१९० रुपये वाचत असतील तर हा खर्च २१ महिन्यांत भरून निघतो आणि पुढची तेरा वर्षे निव्वळ लाभाची. येथे कर्ज बदलणे निश्चित फायद्याचे आहे.

याउलट दुसरा एक गृहस्थ घ्या. त्याचे ४ लाख रुपये आणि ४ वर्षे उरली आहेत. दरातील फरक तोच, साडेनऊवरून साडेआठ. त्याचा हप्ता १०,०४९ वरून ९,८५९ होतो. महिन्याला १९० रुपये, चार वर्षांत सारे मिळून ९,११६ रुपये! वकील व मूल्यांकन यांची फी कर्ज लहान म्हणून लहान होत नाही. खर्च आणि बचत जवळपास समसमान, आणि बँकांच्या पायऱ्या झिजवणे वर. या गृहस्थाने प्रस्ताव आणणाऱ्यास चहा पाजून निरोप द्यावा, हे बरे. कर्जाच्या आरंभीच्या वर्षांत व्याजाचा वाटा मोठा असतो, म्हणून बदलाचा लाभही तेव्हाच मोठा. उत्तरार्धात तो झपाट्याने आटतो.

करसवलतीचा मुद्दा येथेच उरकून घ्यावा. जुन्या करपद्धतीत राहत्या घराच्या व्याजाची वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट मिळत आली आणि जुने गृहकर्ज फेडण्यासाठी घेतलेल्या नव्या कर्जाच्या व्याजालाही ती लागू पडते. परंतु व्याज कमी झाले की वजावटही कमी होते, म्हणून अशा करदात्याची खरी बचत कागदावरच्या बचतीहून थोडी उणी असते. २०२० मध्ये आलेल्या नव्या करपद्धतीत राहत्या घराच्या व्याजाला वजावट ठेवलेली नाही. आपण कोणत्या पद्धतीत आहोत हे कर सल्लागारास विचारून मगच आकडा मांडावा.

आधी आपल्याच बँकेत जावे

नव्या बँकेचे पत्र हाती आले की बहुतेक लोक थेट नव्या बँकेकडे धाव घेतात. शहाणपणाचा क्रम उलटा आहे. ते पत्र घेऊन प्रथम जुन्या बँकेच्या शाखाधिकाऱ्यांस भेटावे. २०१९ च्या व्यवस्थेनुसार बेस रेट वा एमसीएलआरवर अडकलेल्या ज्या कर्जदाराला दंडाविना मुदतपूर्व फेड करण्याचा हक्क आहे, त्याला त्याच बँकेत रेपोशी जोडलेल्या दराकडे वळता येते, आणि त्यासाठी वाजवी प्रशासकीय व कायदेशीर खर्चाखेरीज शुल्क घेता येत नाही. वकील नाही, मूल्यांकन नाही, नवे गहाण नाही. बट्टा जवळजवळ शून्य! गृहवित्त कंपन्याही थोडे रूपांतर शुल्क घेऊन दर खाली आणतात.

रेपोशी जोडलेल्या कर्जातही प्रत्येक बँक रेपोवर आपली वाढ चढवते. या वाढीतील बहुतेक घटक तीन वर्षांतून एकदाच बदलण्याची मुभा बँकांना होती. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२५ पासून हा नियम सैल केला, आणि ग्राहकाच्या हिताचे असेल तर तीन वर्षांच्या आतही ही वाढ कमी करण्यास बँकांना मोकळीक दिली. "आमच्या हातात नाही" हे उत्तर त्यामुळे पूर्वीइतके पक्के राहिलेले नाही. मात्र तोंडी विचारणा करू नये. लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी, आणि अर्जाला नव्या बँकेचे पत्र जोडावे. नियमाने हप्ते भरणारे खाते हातचे जाऊ द्यावे असे कोणत्याच शाखाधिकाऱ्याला वाटत नाही.

आपल्या बँकेने पाऊण टक्का उतरवला आणि परकी बँक एक टक्का उतरवण्यास तयार आहे, तर? वरच्या २५ हजारांच्या बट्ट्याशी उरलेला पाव टक्का ताडून पाहावा. २० लाखांच्या कर्जात पाव टक्का म्हणजे महिन्याला तीनशे रुपयांच्या आसपास. पुष्कळदा घरचीच भाकरी बरी ठरते.

कागदपत्रांची परीक्षा

मोठ्या शहरातील सदनिकाधारकाला न भेडसावणारी एक अडचण बीड जिल्ह्यातील घरमालकापुढे उभी राहते. नवी बँक जुन्या बँकेच्या विश्वासावर कर्ज देत नाही. ती आपला वकील नेमून मालकीचा शोध पुन्हा पहिल्यापासून घेते. पंधरा वर्षांपूर्वी एखाद्या बँकेने ज्या कागदांवर कर्ज दिले, तेच कागद आज दुसऱ्या बँकेला पुरेसे वाटतीलच असे नाही.

गावठाणातील घर आणि हाती ग्रामपंचायतीचा नमुना ८ एवढाच उतारा असेल तर तो मालकीचा निर्णायक पुरावा नाही. शहरालगत गुंठ्यांनी घेतलेला भूखंड २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित करून घेतलेला आहे काय, जमीन अकृषिक झाली आहे काय, बांधकाम परवानगी नगर परिषदेची आहे काय, हे सारे विचारले जाते. मराठवाड्यात निजामकालीन इनामांचा गुंता अजून पुरता सुटलेला नाही. मदतमाश, खिदमतमाश, देवस्थान वा वक्फ यांचा इतिहास ज्या जमिनीला आहे, किंवा सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ असा शेरा आहे, त्या जमिनीवरील घराचा प्रस्ताव वकिलाच्या टेबलावर अडतो. वडिलांच्या पश्चात वारसांची नोंद न झालेली घरे तर आपल्या समाजातही थोडी नाहीत.

म्हणून क्रम असा ठेवावा की, प्रोसेसिंग फी भरण्यापूर्वी मालमत्ता पत्रक, फेरफार, खरेदीखताची प्रत आणि बांधकाम परवानगी यांची छायाप्रत एखाद्या जाणत्या वकिलास दाखवावी. प्रस्ताव नामंजूर झाला तरी भरलेली फी परत मिळेल अशी खात्री नसते. अडचण निघाली तर कर्ज बदलो वा न बदलो, ती आताच दुरुस्त करून घ्यावी. पुढच्या पिढीच्या वाटणीच्या वेळी ती दसपट महाग पडते.

बँक न बदलता

एवढा सारा खटाटोप ज्यासाठी, तो लाभ दुसऱ्या मार्गाने मिळतो काय, हेही पाहिले पाहिजे. त्याच २० लाखांच्या कर्जात, दर साडेनऊच राहू द्या, बँकही तीच राहू द्या. केवळ एकदा १ लाख रुपये मुद्दलात भरले आणि हप्ता पूर्वीचाच चालू ठेवला, तर कर्ज सुमारे १६२ हप्त्यांत फिटते. १८ महिने कमी! एक टक्का दर उतरवून १९ महिने वाचत होते, हे स्मरणात असेलच. भरलेला एक लाख वजा जाता पावणेतीन लाखांहून अधिक वाचतात, आणि वकिलाची पायरी चढावी लागत नाही. रक्कम भरताना मात्र "हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी" असे अर्जात स्पष्ट लिहावे.

यावर उत्तर येते की, कर्ज साडेनऊ टक्क्यांचे आणि अमुक पतसंस्थेत ठेवीला बारा टक्के मिळतात, मग फेडावे कशाला? या उत्तराची किंमत बीड जिल्ह्याने मोजलेली आहे. ज्ञानराधा मल्टिस्टेटच्या शाखा २०२३ मध्ये बंद पडल्या आणि असंख्य कुटुंबांच्या ठेवी अडकल्या. त्यांत निवृत्तीची पुंजी होती, मुलींच्या लग्नाचे पैसे होते. बँकेतील ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. आपल्या कर्जाच्या मुद्दलात भरलेला रुपया मात्र कोणी बुडवू शकत नाही. तो साडेनऊ टक्के हमखास मिळवून देतो.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण हा दुष्काळी मुलूख आहे. २०१२-१३, २०१५-१६, २०१८-१९ अशी वर्षे येथील पेठेने पाहिली आहेत. कापूस-सोयाबीन गेले की शेतकऱ्याचा हात आखडतो, ऊसतोडीला लोक बाहेर पडतात, आणि कापडापासून भांड्यांपर्यंत सर्व दुकानांत उधारी साचते. पगारदार माणसाने जुना मोठा हप्ता चालू ठेवावा हे ठीक. व्यापाऱ्याने मात्र करारातील हप्ता कमी, म्हणजे १९,६९५ असाच ठेवावा, मुदत पंधरा वर्षांचीच ठेवावी, आणि चांगल्या वर्षी दिवाळीनंतर उरलेली रक्कम मुद्दलात भरावी, हे अधिक सुरक्षित. बदलत्या दराच्या कर्जात अशा भरण्याला दंड नाही, आणि वाईट वर्षी हप्ता थकून नाव खराब होण्याची धास्तीही कमी. लाभ थोडा घटतो, झोप शाबूत राहते.

हाती गळणाऱ्या दोन गोष्टी

कर्ज बदलताना नवी बँक बहुधा "टॉप-अप" देऊ करते. घराची किंमत वाढली आहे, तेव्हा आणखी पाच लाख घ्या, दुकानात माल भरा. दर आकर्षक असतो, यात शंका नाही. पण दिवाळीच्या हंगामात विकून जाणारा माल आणि पंधरा वर्षे चालणारे कर्ज यांची जोडी जुळत नाही. माल विकला जातो, पैसे दुसरीकडे फिरतात, आणि राहत्या घरावरचा बोजा पाच लाखांनी वाढून बसतो. मुलाच्या उच्च शिक्षणासाठी वा घराच्याच दुरुस्तीसाठी टॉप-अप घेणे वेगळे. तेथेही त्याची मुदत मूळ कर्जाहून लहान ठेवावी.

दुसरी गोष्ट विम्याची. कर्जासोबत एकरकमी हप्त्याचा विमा पुष्कळदा गळ्यात बांधला जातो आणि त्याची रक्कम कर्जातच मिळवली जाते. जुन्या कर्जाबरोबर घेतलेल्या विम्याचे काय होणार, काही रक्कम परत मिळते काय, हे लेखी विचारावे. नव्या कर्जात विमा घेतला असेल तर त्याची रक्कम बट्ट्यात धरावी. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या कर्जांत बँकेने सर्व शुल्कांसह वार्षिक दर दाखवणारे मुख्य तथ्य विवरण, कर्जदाराला समजेल अशा भाषेत देणे बंधनकारक झाले आहे. ते मराठीत मागावे आणि सहधर्मचारिणीसह वाचावे. बहुतेक घरांत कर्जावर तिचीही सही असते.

बदलण्याचे ठरलेच, तर जुन्या बँकेकडून कर्जफेडीच्या रकमेचे पत्र आणि तिच्या ताब्यातील मूळ कागदांची यादी घ्यावी. नवी बँक जुन्या बँकेच्या नावाने रक्कम देते, त्या दिवसापासून दोन्हीकडे व्याज चालू राहत नाही ना, हे दोन्ही खात्यांच्या उताऱ्यांवरून ताडून पाहावे. जुन्या खात्यावरील हप्त्याचा आदेश बंद करण्यास विसरू नये. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या आदेशानुसार, जो १ डिसेंबर २०२३ पासून लागू झाला, कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांच्या आत मूळ कागद परत करणे आणि नोंदवलेला बोजा काढणे हे बँकेचे कर्तव्य आहे. तिच्या दोषाने उशीर झाल्यास दिवसाला ५ हजार रुपये भरपाई द्यावी लागते. ही मुदत दिनदर्शिकेवर खूण करून ठेवावी. जुन्या बँकेचे बेबाकी पत्र हाती येताच भूमी अभिलेख किंवा तलाठी कार्यालयात अर्ज देऊन मालमत्ता पत्रकावरील वा सातबाऱ्यावरील तिचा बोजा कमी करून घ्यावा, आणि बोजा उतरल्याचा ताजा उतारा स्वतःच्या फायलीत लावून त्याची एक प्रत नव्या बँकेत द्यावी.